गोळी स्वस्त, देखरेख महाग

आपल्याकडे औषधांच्या प्रश्नाची चर्चा बहुधा किमतीपासून सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. औषध महाग असेल तर ते अन्यायकारक आणि स्वस्त असेल तर प्रश्न सुटला, असे आपण सोयीस्करपणे धरून चालतो. परंतु काही औषधे अशी आहेत की, त्यांची गोळी काही रुपयांत मिळते आणि तरीही ती वापरणे गरिबाला परवडत नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटातून द्यावयाची औषधे, ज्यांना बोलीत ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ म्हणतात, ती या वर्गात मोडतात. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा जाणकार नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. या गोळीची मात्रा किती असावी हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. पण ही गोळी निर्धोक ठेवण्याचा खर्च कोण करतो आणि कोणी करावा, हा प्रश्न मात्र निखळ अर्थशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर आपण अद्याप नीट दिलेले नाही.

प्रथम शब्दाविषयी. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. ते पूर्वीइतकेच दाट राहते, फक्त त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. यकृतात रक्त गोठविणारे काही घटक तयार होतात आणि त्यांना ‘के’ जीवनसत्त्वाची गरज लागते. वॉरफेरिन आणि आपल्याकडे बरीच वापरली जाणारी असेनोकुमॅरॉल ही औषधे या जीवनसत्त्वाचा शरीरातील पुनर्वापर रोखतात. त्यामुळे ते घटक अपुरे पडतात आणि गुठळी सहजी धरत नाही. ‘पातळ’ या शब्दाने एक अपायकारक समजूत मात्र रूढ झाली आहे. रक्त पातळ झाले की माणूस अशक्त होतो, असे समजून अनेक जण थोडे बरे वाटू लागताच गोळी आपल्या मनाने बंद करतात. तिचे परिणाम पुढे भोगावे लागतात.

ही गोळी लागते कोणाला? पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. अशा रुग्णाला किमान तीन महिने औषध घ्यावे लागते. उतारवयात हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचन न पावता नुसते थरथरू लागतात, तेथे रक्त साचून गुठळी बनते आणि ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायू होतो. या विकारात अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट असतो आणि वॉरफेरिन नीट घेतल्यास तो जवळजवळ दोनतृतीयांशाने घटतो, हे अनेक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. तिसरा वर्ग कृत्रिम झडप बसविलेल्यांचा. लहानपणी घसा बिघडून संधिज्वर होतो आणि पुढे त्यातून हृदयाची झडप खराब होते. हा विकार दाटीवाटीच्या वस्तीचा, अपुऱ्या उपचारांचा, म्हणजे मुख्यतः गरिबांचा आहे. त्यांतील कित्येकांना ऐन तारुण्यात कृत्रिम झडप बसवावी लागते आणि ती यांत्रिक असेल तर गोळी जन्मभराची सोबतीण होते.

या औषधाचा इतिहासही उद्बोधक आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेतील गुरे किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा पावसाने भिजून बुरसला की तो खाल्ल्याने असे होते, हे पशुवैद्यांनी ओळखले. १९३३ साली विस्कॉन्सिनमधील एका शेतकऱ्याने मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन कार्ल पॉल लिंक यांच्या विद्यापीठातील प्रयोगशाळेत नेऊन ठेवला. काही वर्षांच्या खटपटीनंतर चाऱ्यातील दोषी द्रव्य हाती आले. त्याच कुळातील वॉरफेरिन १९४८मध्ये प्रथम बाजारात आले ते उंदीर मारण्याचे विष म्हणून. १९५४मध्ये ते माणसांसाठी मान्य झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले. उंदराचे विष आणि राष्ट्राध्यक्षाचे औषध यांत फरक पदार्थाचा नव्हता. फरक मात्रेचा होता आणि त्या मात्रेवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांचा होता.

ते लक्ष ठेवावयाचे कसे? रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे मोजता येते, परंतु पूर्वी निरनिराळ्या प्रयोगशाळांची रसायने वेगवेगळी असल्याने एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरे. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक समान मोजपट्टी स्वीकारली. आयएनआर या नावाने ती ओळखली जाते. निरनिराळ्या देशांची चलने एका मापात आणून तुलना करावी, तसाच हा प्रकार आहे. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर एकाच्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा तो २ ते ३ यांच्या दरम्यान राहावा लागतो. काही यांत्रिक झडपांच्या बाबतीत डॉक्टर ही मर्यादा थोडी वर ठेवतात. आकडा दोनच्या खाली घसरला की गुठळीचे भय आणि चारच्या वर चढला की रक्तस्रावाचे. इतक्या अरुंद वाटेने रुग्णाला महिनोन् महिने, कधी आयुष्यभर चालावयाचे असते. सुरुवातीस ही तपासणी दर काही दिवसांनी आणि आकडा स्थिरावल्यावर साधारणतः दर महिन्याला करावी लागते.

आणि हा आकडा स्थिर राहील अशी आपली राहणी कुठे आहे? ‘के’ जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. हिवाळ्यात पालकाची जुडी स्वस्त झाली आणि घरात रोज पालेभाजी शिजू लागली की आयएनआर खाली येऊ शकतो. श्रावणात उपासांच्या निमित्ताने ताटातील हिरवा भाग नाहीसा झाला की तो वर जाऊ शकतो. याचा अर्थ पालेभाजी वर्ज्य करावी असा नाही. ती नेहमी सारख्या प्रमाणात खावी, एवढाच आहे. मद्यपानानेही हा तोल बिघडतो. अन्य औषधांचे संकट तर याहून मोठे. डोके वा गुडघे दुखले म्हणून दुकानातून आणलेली ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारखी गोळी रक्तस्रावाचा धोका वाढविते. जुलाबासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझॉल, जंतुसंसर्गासाठीचे कोट्रायमॉक्सॅझॉल, बुरशीवरचे फ्लुकोनॅझॉल यांनी आयएनआर एकदम वर चढू शकतो. उलट क्षयरोगावरील रिफाम्पिसिन गोळीचा परिणामच कमी करून टाकते. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेले काढे आणि चूर्णेही या हिशेबातून सुटत नाहीत. ताप आला की कमरेत सुई टोचून घेण्याची आपली जुनी सवय अशा रुग्णाच्या बाबतीत स्नायूत रक्त साकळण्यास कारण होते.

आता हिशेब मांडू. समजा, तालुक्यापासून पंचवीस किलोमीटरवर राहणारी तीस वर्षांची एक शेतमजूर स्त्री आहे. शासकीय योजनेतून तिच्या हृदयात यांत्रिक झडप बसली. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च समाजाने उचलला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. ती घरी परतते तेव्हा गोळीचा खर्च तिच्या आवाक्यात असतो. परंतु तपासणीसाठी तिला एसटीचे भाडे मोजावे लागते, प्रयोगशाळेचे शुल्क द्यावे लागते, एका दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत नवरा वा भाऊ आला तर दोघांची बुडते. निकाल दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर आणखी एक फेरी. निकाल हाती आल्यावर तो पाहून मात्रा कमीजास्त करणारा जाणकार तेथे नसेल तर जिल्ह्याच्या गावी जाणे आले. गोळीवरील महिन्याच्या खर्चापेक्षा या एका तपासणीचा खर्च कितीतरी अधिक भरतो. मग तीन महिने ती फिरकत नाही, यात तिचे अज्ञान किती आणि तिचा व्यवहार किती? तिचा निर्णय तिच्या उत्पन्नाच्या चौकटीत पूर्णपणे समंजस आहे, परंतु तो तिच्या जिवावर उठू शकतो. व्यक्तीचा समंजसपणा आणि समाजाचे हित यांत अशी फारकत पडते तेथेच शासनाचे काम सुरू होते, असे आम्ही वर्गात शिकवितो.

बाजारपेठ ही उणीव भरून काढील, अशी आशा करणे व्यर्थ आहे. वॉरफेरिनचे एकाधिकार केव्हाच संपले. त्यावर कोणाला मोठा नफा नाही, म्हणून त्याच्या योग्य वापराचा प्रचार करण्यात कोणाचा स्वार्थही नाही. देखरेख ही गोष्ट तर पाकिटात घालून विकता येत नाही. एखाद्या परिचारिकेने रुग्णाला दहा मिनिटे समजावून सांगितले आणि त्यामुळे एक अर्धांगवायू टळला तर ते कोणत्याही बिलात दिसत नाही. टळलेल्या आजाराची पावती फाडता येत नाही, म्हणून तो टाळणाऱ्या कामाला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. आता नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना आयएनआरची गरज नाही, मग जुन्या औषधाची ही उस्तवार कशाला? आक्षेपात तथ्य आहे. २०१०पासून डॅबिगाट्रान, रिव्हारोक्सॅबान, एपिक्साबान ही औषधे क्रमाने प्रचारात आली. पायातील गुठळी आणि उतारवयातील हृदयाची थरथर यांसाठी ती अनेक रुग्णांना अधिक सोयीची आहेत आणि मेंदूतील रक्तस्राव त्यांच्यामुळे वॉरफेरिनपेक्षा कमी होतो. भारतीय कंपन्या ती तयार करू लागल्यापासून किमतीही उतरल्या आहेत. २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत डॅबिगाट्रानला स्थान मिळाले, हे योग्यच झाले.

परंतु ज्या वर्गाची आपण चिंता करीत आहोत त्याला ही औषधे नेमकी उपयोगी पडत नाहीत. यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर डॅबिगाट्रानचा प्रयोग झाला तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही, आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. संधिज्वरातून हृदयविकार जडलेल्या आणि हृदयाची थरथर असलेल्या ४,५०० हून अधिक रुग्णांचा २४ देशांत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२मध्ये आले आणि त्यात रिव्हारोक्सॅबानपेक्षा जुन्या पद्धतीचे औषधच सरस ठरले, मृत्यूही त्याच गटात कमी झाले. याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट धोरणकर्त्यांनी ध्यानात घ्यावी. आरंभी जुन्या औषधाच्या गटातील सुमारे एकतृतीयांश रुग्णांचेच आयएनआर योग्य मर्यादेत होते. नियमित पाठपुरावा सुरू झाल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. गोळी तीच, रुग्ण तेच, देशही गरीबच. बदलली ती देखरेख.

शिवाय नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, याचा अर्थ त्यांना लक्ष लागत नाही असा नाही. त्यांचा अंमल साधारणतः दिवसभरात ओसरतो, म्हणून एखाद-दुसरी गोळी चुकली तरी रुग्ण उघडा पडतो आणि ते कळविणारा आकडाही नसतो. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर मात्रा बदलावी लागते, म्हणून त्याची तपासणी वेळोवेळी हवीच. रिव्हारोक्सॅबानच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यावयाच्या असतात. डॅबिगाट्रानची कॅप्सूल फोडून घेऊ नये आणि ती मूळ वेष्टनातच ठेवावी, कारण दमट हवेने ती बिघडते. हे किती रुग्णांना सांगितले जाते? औषध नवे असो वा जुने, ते समजावून सांगणाऱ्या माणसाला पर्याय नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. शासनाने आणखी किती भार उचलावा? माझे उत्तर असे की, हा नवा भार नव्हे, केलेल्या गुंतवणुकीची ही निगा आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने देशी कृत्रिम झडप तयार केली आणि ती डिसेंबर १९९०मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. परदेशी झडपेहून ती स्वस्त पडली आणि हजारोंना उपयोगी ठरली. महाराष्ट्रात जीवनदायी आणि पुढे महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेतून गरिबांना हृदयशस्त्रक्रियेची दारे उघडली. काही उपचारांनंतर ठरावीक मुदतीच्या पाठपुराव्याची तरतूदही अशा योजनांत करण्यात आली. परंतु मुदत सरते आणि झडप मात्र आयुष्यभर राहते. धरण बांधावयाचे आणि चाऱ्यांची दुरुस्ती करावयाची नाही, एसटीच्या गाड्या घ्यावयाच्या आणि सुट्या भागांसाठी पैसा ठेवावयाचा नाही, ही आपली जुनी खोड आहे. भांडवली खर्चाचे उद्‍घाटन करता येते, देखभालीच्या खर्चाचे करता येत नाही. परंतु झडपेवर गुठळी धरली तर शस्त्रक्रियेवर केलेला सारा खर्च वाया जातो, घरातील कर्ता माणूस वा घर सावरणारी स्त्री अंथरुणाला खिळते आणि तिच्या शुश्रूषेसाठी आणखी एकाची, पुष्कळदा शाळकरी मुलीची, वर्षे खर्ची पडतात. हा खर्च शासनाच्या वहीत नसेल, पण समाजाच्या वहीत तो आहेच.

मग करावे काय? यासाठी मोठ्या इमारतींची गरज नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातील एक दिवस या रुग्णांसाठी राखून ठेवावा. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन काही मिनिटांत आयएनआर सांगणारी छोटी यंत्रे उपलब्ध आहेत. त्यांमुळे निकालासाठी दुसरी फेरी उरणार नाही. आकडा पाहून ठरावीक कोष्टकानुसार मात्रा बदलण्याचे काम प्रशिक्षित परिचारिका वा औषधनिर्माते डॉक्टरांच्या नियंत्रणाखाली करू शकतात. ब्रिटन आणि अमेरिकेत हे घडत आले आहे आणि नेदरलंड्समध्ये तर या एकाच कामासाठी स्वतंत्र सेवा अनेक दशके चालली. प्रत्येक रुग्णाजवळ बँकेच्या पासबुकासारखी एक पुस्तिका असावी. गोळी कोणती, कशासाठी, किती काळ, अपेक्षित आयएनआर किती आणि मागील नोंदी कोणत्या, हे सारे तीत मराठीत लिहिलेले असावे. दात काढणारा, अपघातात टाके घालणारा, साध्या तापावर औषध देणारा, अशा प्रत्येकाने ती प्रथम मागावी. आणि पाठपुराव्याची मुदत कागदावरच्या वर्षांनी न ठरविता रुग्णाच्या गरजेने ठरवावी.

रुग्णाची आणि घरच्यांची जबाबदारीही आहेच. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. विसरल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीही घेऊ नये. नव्या प्रकारच्या गोळ्यांबाबत चुकलेल्या वेळेचा नियम निराळा असतो, तो डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावा. दुकानदाराने निराळ्या शक्तीची गोळी दिली नाही ना, हे मिलिग्रॅमचा आकडा वाचून पाहावे. हिरड्यांतून रक्त, काळी शौचा, लालसर लघवी, कारणाविना उठणारे काळेनिळे डाग ही धोक्याची चिन्हे आहेत. डोक्याला मार लागला तर बाहेरून काही न दिसले तरी तडक रुग्णालय गाठावे. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत वॉरफेरिनमुळे गर्भात व्यंग येऊ शकते. म्हणून झडप बसविलेल्या तरुण स्त्रीने मूल होऊ देण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. मात्र भीतीपोटी गोळी आपण होऊन बंद करू नये, कारण त्या बंद करण्यात तिच्याच जिवाला धोका आहे. अशा स्त्रीला सासरी वा माहेरी हे कोणी सांगितलेले नसते, ही खंत व्यक्त केल्यावाचून राहवत नाही.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हा वाचकवर्ग येथे पुष्कळ करू शकतो. घरातील वृद्धांच्या गोळ्यांची नोंद ठेवणे, शेजारच्या अशिक्षित रुग्णाची पुस्तिका वाचून देणे, तपासणीची तारीख लक्षात आणून देणे, ही कामे लिहितावाचता येणाऱ्या कोणासही जमण्यासारखी आहेत. परंतु नागरिकांच्या सद्‌भावनेवर शासनाने आपले कर्तव्य सोपवू नये. येत्या अंदाजपत्रकात आरोग्य खात्याने किती शस्त्रक्रिया केल्या याचा आकडा जसा दिला जाईल, तसा झडप बसविलेल्यांपैकी किती रुग्णांचे आयएनआर गेल्या वर्षभर मर्यादेत राहिले याचाही द्यावा. हा एक आकडा मागितला गेला की तो सुधारण्याची यंत्रणा उभारणे खात्याला भाग पडेल. तो मागण्याचे काम आपले आणि आपण निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे आहे.